मेलखालचं पद

२००६ च्या दिवाळीनंतरच्या सोमवारी वर्ध्याजवळच्या एका जिनिंग कंपनीत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या ई-मेलखाली नाव आणि पद आपोआप उमटू लागलं. कापसाच्या आवकेची बातमी घ्यायला मी तिथे नेहमी जात असे. आकडे देणारे गृहस्थ पन्नाशीपुढचे होते. ते दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक मेलखाली आपलं नाव व ‘यार्ड इन्चार्ज’ हे शब्द पुटपुटत नव्याने लिहीत. जुनं लिहिलेलं उचलून चिकटवता येतं, हे त्यांना माहीत होतं.

“सही का कोनी छापून ठेवते?” ते म्हणत.

त्या सोमवारी त्यांच्या नावाखाली ‘हेल्पर’ आलं.

“काऊन रे बाबू, हे कोनं लिहिलं?” त्यांनी नागपूरहून आलेल्या संगणकवाल्याला विचारलं.

“मी नाई लिहिलं, काका. पगाराच्या रजिस्टरात जे आहे, तेच मशीन उचलते.”

“मोठ्या साहेबानं मले इन्चार्ज केलं होतं. तोंडी.”

“मंग त्यायचं पत्र आना.”

“साहेब वारले.”

पुढचे काही दिवस ते स्वतःचं पद टाइप करतच राहिले. मेलखाली दोन्ही जात, वर इन्चार्ज, खाली हेल्पर. मग हे मेल मिळणाऱ्या आर्वीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. स्पीकर चालू होता.

“का जी, एका खुर्चीवर दोघं बसवले का?”

खोलीतले सगळे हसले. तेही हसले.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा मेल आला. आवकेचे आकडे बरोबर होते. त्याखाली फक्त यंत्राने घातलेल्या दोन ओळी होत्या, नाव आणि ‘हेल्पर’.