अंगातला ओला शर्ट

बारामतीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, मालक वाचले. पण मेंदूला इजा झालीय." त्या इजेला ते हायपॉक्सिक ब्रेन इंज्युरी म्हणाले. म्हणजे श्वास थांबल्याने मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि आठवणी सांभाळणारी जागाच दुखावली. मी एकच विचारलं, "मला वळखतील का?" ते म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही."

आमची बावड्याला डाळिंबाची बाग आहे. त्या दिवशी हे किडीचं औषध फवारत होते. पाठीवरचा पंप गळून शर्ट अंगाला चिकटलेला. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं, ही तर आमच्याकडची रीतच. मी बांधावरून ओरडले, तर म्हणाले, "दोनच वळी ऱ्हायल्यात. उरकूनच येतो." काम अर्धं टाकायचं म्हणजे ह्यांचं नाक कापलं जायचं!

आले ते घामाने निथळत. उलट्या, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. धाकटा दीर म्हणाला, "ऊन लागलंय, वैनी." आम्ही कांद्याचा रस पाजला. तो पोटात ठरला नाही. मग दिराने गाडी काढली. बारामती येता येता श्वास थांबलाच.

अंगात तोच ओला शर्ट होता. नर्सने तो कापून काढला. वाटभर त्यातून विष कातडीत मुरत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न, औषध पिले का? डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, ते त्यांचं कामच. पण भावकीतल्या एकीने आडून विचारलं तेव्हा मी सुनावलं, "प्यायला घरात चहा हाय की. किटलीभर पित्यात." ती गेल्यावर जिन्यात बसून पोटभर रडले.

हे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर. मी काचेतून छाती वरखाली होताना बघत बसायची. नळी निघाली तेव्हा माझ्याकडे बघून पहिला शब्द बोलले, "सिस्टर, पाणी." गुंगी असेल म्हणून मी पाणी पाजलं.

गुंगी नव्हती. काही दिवस ओळखतात, काही दिवस नाही. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता याहून फारसं सुधारणार नाही." नवरा समोर जेवत असताना त्याच्यासाठी रडायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

फवारणीवाल्यांनो, अंगावर औषध सांडलं तर बाग राहू द्या तशीच. आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा. चक्कर, लाळ, घाम दिसला की घरगुती उपाय करत बसू नका. औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठा. ज्यांनी माझा माणूस जिवंत हाती दिला, त्या डॉक्टर-नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

काल मी ह्यांचे पाय चोळत होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमी लई करताय माजं. तुमच्या घरी कोण हाय का न्हाय?"

"हायेत की," मी म्हणाले. "मालक हायेत. लई चांगले हायेत."