पालथा ग्लास

माझी नोकरी वाचवली ती वस्तादानं, हे पहिलं सांगतो. काय घडलं ते मागाहून, कारण ते सांगताना अजून माझी जीभ अडखळते.

वस्ताद म्हणजे मंचरजवळ अवसरी फाट्यावरच्या आमच्या हॉटेलातला मोठा आचारी. गिऱ्हाईक बसलं की खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत स्वतः बाहेर यायचा. "काय चालत न्हाई ते आधी सांगा, पावणं. काय पायजे ते मग."

त्या वर्षांत तुम्ही पुणे-नाशिक रस्त्यानं गेला असाल, तर तुम्हालाही त्यानं विचारलं असेल. एकानं तेल कमी, तिखट कमी, मीठ कमी असं सांगितलं, तेव्हा वस्ताद शांतपणे म्हणाला, "मग कोमट पाणीच आणतो की, राव." एकादशीवाला एक जण शेजारच्या ताटातल्या बेसनाच्या मासवडीकडे सारखा बघत होता. वस्तादानं त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मगच खिचडी वाढली.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून खुणा ग्लासांच्या. काउंटरवर टेबलांच्या ओळीनं जागा ठरलेल्या. एक ग्लास पालथा म्हणजे त्या टेबलाला कांदा-लसूण नाही. दोन पालथे म्हणजे बटाट्यासारखं जमिनीखालचंही काही नाही. ग्लासाच्या बुडावर आगकाडी ठेवली, की दिवस मावळायच्या आत ताट गेलंच पाहिजे. या ताटांसाठी खिळ्याला टांगलेली छोटी कढई वेगळी, पळीही वेगळी. मी कामाला लागलो त्याच दिवशी त्यानं हे सगळं मला समजावलं होतं.

मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. बायको, दोन पोरं गावाकडे. हे काम गेलं तर काय तोंड घेऊन परतायचं, ही धास्ती उठता-बसता. म्हणून गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असेल तेच मी बोलायचो. तिखट नाही ना? नाही. ताजं आहे ना? आत्ताचंच. विचारून सांगतो म्हटलं तर याला काही येत नाही असं वाटेल, म्हणून कधी विचारलंच नाही.

एकदा मंचरच्या बाजारपेठेतले जैन शेठ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बोलणं आमच्या वस्तादासारखंच. तुमच्या भरवशावर आईला आणलंय, दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नाही, असं त्यांनी बजावलं. वस्तादानं दोन ग्लास पालथे घातले, वर काडी ठेवली आणि सिलिंडर संपला म्हणून तो मागं गेला.

तेवढ्यात एस.टी.तून उतरलेली माणसं आत शिरली. पाणी, पाणी. ग्लास कमी पडले. मी काउंटर पुसला, काडी टाकली, ते दोन्ही ग्लास सुलटे करून भरले आणि नेले. दुसऱ्या आचाऱ्यानं काउंटरकडे पाहिलं, खूण दिसली नाही, आणि मोठ्या पातेल्यातली डाळ वाढली. ताट मीच नेलं.

आजींनी विचारलं, "भाऊ, लसूण नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. सवयीनं.

मागं वळलो तर छोटी कढई खिळ्याला कोरडी. गप्प राहिलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. वस्ताद आत येत होता. त्याला सांगितलं. त्यानं एवढंच म्हटलं, "मला काय सांगतो? तिला सांग."

आजींचा घास अजून हातातच होता. "आजी, थांबा. लसूण आहे. मी न विचारता बोललो."

त्यांनी घास खाली ठेवला. वस्तादानं कढई चढवली, मुगाची डाळ टाकली. पण डाळ शिजेपर्यंत दिवस थांबत नाही. ताट आलं तेव्हा बाहेर उजेड नुसता नावाला होता. आजींनी ताटाला हात जोडले. मुलाला म्हणाल्या, "सांगितलं त्यानं. रागावू नको." आणि उपाशीच उठल्या.

मालकानं माझी पिशवी बाहेर काढायला सांगितली. वस्ताद मध्ये उभा राहिला. "त्याला ग्लासाचं मी सांगितलंच न्हवतं. चूक माझी हाये."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून ग्लास बंद, चिठ्ठ्या सुरू. वस्तादाला बाहेर गिऱ्हाइकांकडे जायची मनाई झाली. मी चिठ्ठ्या वाचून दाखवायचो आणि तो मान हलवायचा. पोरं त्याला 'ग्लासवाले' म्हणून चिडवायची. तो हसायचा, मला मात्र ते हसणं बघवत नसे. चार महिन्यांनी तो महाळुंगे पडवळला घरी गेला आणि परत आला नाही. गुडघे दुखतात, असा निरोप होता.

आता भोसरीच्या एका कँटीनमध्ये मी मोठा आचारी आहे. मंचरची गाडी रोज दारावरून जाते आणि रोज काही ना काही काम निघतं. पण एक दिवस मी त्या गाडीत बसणार. आधी मालकाकडे, मग त्याला घेऊन वस्तादाच्या अंगणात. सगळ्यांसमोर सांगणार, की ग्लासाचं वस्तादानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.