चोरचोळी आणि खिचुरीचा डबा

त्या दिवशी आम्ही चौघी होतो. मी, माझी सून, माझी नातसून, आणि उंबऱ्याबाहेर अंगणवाडीची दीदी. पुरुष माणूस एकही नव्हता. मुलगा आणि नातू भट्टीवर गेले होते. आमचं गलाईचं काम, म्हणजे सोनारांकडचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्या कामापायी माझा नवरा सांगलीकडनं कलकत्त्याला आला, त्याच्या मागं मी आले, आणि बागबाजारच्या गल्लीत म्हातारी झाले. नवरा गेला, भट्टी राहिली. आता मोठे सोनार मशीन घेऊन बसलेत, आमच्याकडं उरलंसुरलं येतं. असो, ते रडगाणं नाही सांगायचं मला. मला आनंदाचं सांगायचंय, आणि ते सांगायला बसले की माझा श्वास अजून वर चढतो.

दीदीनं छत्री मिटली नि विचारलं, "घरात कुणी पोटुशी आहे का? अंगणवाडीत नाव घालायचंय." ती बंगालीत बोलत होती, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.

सून म्हणाली, "नाही. कुणी नाही."

आणि नातसून तिच्या मागंच उभी! पडदा अर्धा सरकलेला, अंगात हिरवीगार खणाची चोळी. दीदीनं तिच्याकडं नीट बघितलं, हसली पण, आणि तिला काही म्हणजे काही कळलं नाही. कळणार कसं? बंगाल्यांच्यात लाल-पांढऱ्याला मान. हिरव्याचं त्यांना काय!

आमच्याकडं तिसरा महिना लागला की पोरीला चोरचोळी करतात. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. घरातल्या घरात ओटी भरायची आणि हिरवी चोळी द्यायची. पोट दिसायला लागेपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. सुनेनं आदल्याच दिवशी ते सगळं केलं होतं. आमच्या गल्लीतली एखादी मराठी बाई त्या वेळी दारावरनं गेली असती, तर त्या चोळीवरनं तिनं सगळं ओळखलं असतं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पण जिला सांगायला हवं होतं, ती डोळ्यांदेखत बघून परत निघाली.

जाताना दीदीनं टोमणा मारला. "काय हो ठाकुमा," ती मला ठाकुमाच म्हणते, म्हणजे आजी, "तुमचे बर्गी लोक पूर्वी इथं लुटायला यायचे. आता सरकार आपणहून दारात द्यायला आलंय तर म्हणता नको!"

आम्हा मराठ्यांना इकडं बर्गी म्हणतात. आपल्या घोड्यांच्या भीतीनं याच बागबाजारापासून खंदक खणला होता म्हणे. एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

कारण त्याच सकाळी पोरगी नळावर भोवळ येऊन पडली होती. बादली उलटली, मी धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ पांढरे, नखं पांढरी. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आधीच बोलल्या होत्या, हिच्या अंगात रक्तच नाही, असंच राहिलं तर बाळाचं कठीण. आणि घरात खायचं काय, तर पहिल्यांदा पुरुषांचं पान, मग आमची, आणि शेवटी बसायची ती. तिच्या वाट्याला पातेलं खरवडलेला भात आणि तळाची आमटी. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पद्धतच तशी.

सुनेला मी दोष देत नाही. गेल्या वर्षी पोरीला दिवस गेले तेव्हा हिनंच हौसेनं गणपतीत सगळ्या मराठी बायकांना सांगितलं, पेढे वाटले. आणि आठवडा झाला नाही तोच सगळं वाहून गेलं. तेव्हापासून हिच्या मनानं घेतलं की आपणच दृष्ट लावून घेतली. म्हणून या वेळी तोंडाला कुलूप.

पण मी भिंतीला टेकून बसले आणि मला माझं आठवलं. पहिल्या खेपेला मी याच गल्लीत, मूठभर मुडी आणि चहा यांवर दिवस काढले. मुडी म्हणजे इथले कुरमुरे. नवरा नवा नवा कामाला, मागायची लाज. ते लेकरू राहिलं नाही. झालं ते झालं, नंतरची जगली. पण एक खरं, माझ्या दारात तेव्हा कुणी विचारायला आलंच नव्हतं. आलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

मी उठले. सून म्हणाली, "आत्या, कुठं निघालात?" आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"घाटावर. गंगामाईला हात जोडून येते."

"आत्ता? उन्हाचं?"

"गंगामाई काय दुपारची झोपते का?"

आणि निघाले. घाट डावीकडं, मी वळले उजवीकडं. गुडघे म्हणत होते थांब, मी म्हणत होते गप बसा. रिक्षावाला ओरडला, मिठाईवाल्याचं गिऱ्हाईक बाजूला झालं, मी आपली लुगडं वर खोचून पळतेय. हो, पळतेच होते! किती वर्षांनी पळत होते कुणास ठाऊक.

पाड्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या, क्लबाशेजारी अंगणवाडीची खोली आहे. दारातच मोठ्या हंड्यात खिचुरी रटरटत होती. बंगाल्यांची खिचडी ती, भोपळा-बटाटा घातलेली, हळदीचा वास पार रस्त्यापर्यंत. पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या. कुणाचं पोट एवढं, कुणाच्या काखेत तान्हं. दीदी आत चपला काढत होती. मी दारातनंच ओरडले:

"आहे! आमच्या घरात आहे! तिसरा लागलाय!"

सगळ्या गपकन माझ्याकडं बघायला लागल्या. मी मराठीतच ओरडले होते! कुणाला एक अक्षर कळलं नाही. एकीनं मला पाणी आणून दिलं, तिला वाटलं घरात कुणी गेलं. मला हसू फुटलं. म्हटलं, बघ बाई, दृष्ट लागायची भीती होती ना, सांगूनही कुणाला कळलं नाही. मग मी पाणी प्याले आणि दीदीला हळूच बंगालीत सांगितलं.

दीदीनं कपाळावर हात मारला. "मगाशी मागं उभी होती ती? हिरव्या ब्लाउजवाली?"

"तीच. आमच्यात हिरवा ब्लाउज म्हणजेच ते."

"अगो माँ! मग तुमच्या गल्लीतले सगळे ब्लाउज मला बघत फिरायला पाहिजे!" आणि लगेच सांगायला लागली. लवकर नाव घातलं तर रोज खिचुरी, अंडं, लोहाच्या गोळ्या, सुई. पहिलंच मूल म्हणून सरकारचे पैसेसुद्धा, तिच्या स्वतःच्या खात्यात, टप्प्याटप्प्यानं, तपासण्या वेळेवर केल्या तर. "उशीर केलात तर मला काही करता येत नाही, ठाकुमा. चला, आत्ताच चला."

आम्ही दोघी आल्या पावली परत. सुनेनं दीदीला माझ्याबरोबर बघितलं आणि तिचं तोंड लालबुंद झालं.

"हीच का तुमची गंगामाई? आत्या, घरभेदीपणा केलात तुम्ही! मागच्या खेपेला काय झालं, विसरलात?"

"विसरले नाही."

"मग पुन्हा तेच बघायचंय का तुम्हाला?"

"अगं, दृष्ट लागली तर मीठ-मोहऱ्या आहेत घरात, मी काढते," मी म्हटलं. "रक्त कुठनं आणू? ते मोहऱ्यांनी येतं का?"

"अंडी खायला घालणार तिला! पहिल्या महिन्यांत उष्ण पडतं!"

"आणि उपाशी काय थंड पडतं?"

दीदीला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ती गुपचूप उंबऱ्यात बसली. सून बोलतच होती. तेवढ्यात पडदा सरकला. आमची नातसून कधी वर मान करून बोललेली मी बघितलेली नव्हती. ती बाहेर आली, सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली:

"आत्या, मला भूक लागते हो. सारखी लागते. रात्रीचं काही उरलं नसलं की मी पाणी पिऊन झोपते."

बास. एवढंच बोलली.

सून तशीच वळून मोरीत गेली, आणि आतनं राखेनं भांडं घासल्याचा आवाज आला. घास घास घासलं. बाहेर आली ती तिच्या माहेरचा पितळी कडीचा डबा घेऊनच. दीदीपुढं धरून म्हणाली, "यात किती मावेल? पुरं अंडं देता ना? की अर्धं?"

मी म्हटलं, झालं, आता हिला कोण अडवतंय!

दुसऱ्या दिवसापासनं सून स्वतः पोरीला घेऊन जायला लागली. डबा घरी आणला की वाटे पडतात, हे तिला माहीत. घरात बघणारी तोंडं, आणि पोरीला एकटीनं खायची लाज. म्हणून तिथंच बसवून खायला घालायची, आणि शेजारी पहारेकऱ्यासारखी बसायची. एकदा नातू भुकेजलेला आला, म्हणाला, "थोडी खिचुरी चाखू दे की." सून म्हणाली, "पोटात बाळ घाल, मग चाख!" अख्खी अंगणवाडी हसली. बंगाली बायकांना तिचं मराठी बोलणं एव्हाना कळायला लागलं होतं.

मग एका दुपारी पोरीचा फोन टिंग वाजला. तिनं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि जागच्या जागी उडी मारली. मी ओरडले, "उड्या मारू नकोस!" पैसे आले होते! तिच्या नावावर! जन्मात पहिल्यांदा. मुलगा चाचरत म्हणाला, भट्टीच्या कामाला थोडे... सुनेनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो कोळसा आणायला निघून गेला. पोरगी आणि मी बडाबाजारात गेलो. खजूर घेतला, शेंगदाणे घेतले, गूळ घेतला, आणि बाळंतपणासाठी डिंक-खारीक. दुकानदारानं भाव सांगितला तर ती म्हणाली, "आजी, मी देते." अशा ताठ मानेनं तिनं बटवा उघडला! मला ते बघूनच निम्मं पोट भरलं.

सातव्यात अंगणवाडीतच पोटुशींचा साध होता. आपलं डोहाळजेवण, तसाच त्यांचा साध. पायेस, म्हणजे तांदळाची खीर, मांडलेली. सुनेनं पोरीला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने गुंफून अंगभर घातले. बंगाली बायका बघतच राहिल्या, एकीनं हात लावून बघितला, खरी फुलं का म्हणून. जी हिरवी चोळी पडद्यामागं लपवली होती, ती आता भर चौकात! आणि त्याच दिवशी तपासणीचा निकाल आला. नर्सबाई म्हणाली, रक्त चढलंय, छान चढलंय. सुनेनं सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचं नाटक केलं, आणि वाकल्या वाकल्या खरंच रडली. मी तिला म्हटलं, ऊठ, खीर गार होतेय.

सरकारी दवाखान्यात भर दुपारी मुलगी झाली. गोरीगोमटी नाही, पण अशी रडली की जिन्यावर आम्हाला ऐकू आलं. पोरगी सुखरूप. दीदी बघायला आली, बाळाच्या गालाला बोट लावून म्हणाली, "आली लुटायला, बर्गी!"

आता सून अंगणवाडीची हेर झालीय. परवाच दीदीला खिडकीतनं सांगत होती, "त्या कोपऱ्यावरच्या घरात पुन्हा जा. नाही म्हणतील, ऐकू नका. दोरीवर हिरवी चोळी वाळत घातलीय." दीदी गेली. नाव घालून आली.

मी चार बुकं शिकलेली बाई. एवढं लिहिलं ते एका मागण्यासाठी. तुमच्या घरात पोरीला दिवस गेले असतील, तर चोरचोळी खुशाल करा, मीसुद्धा करते. पण दारात अंगणवाडीची बाई आली, तर तिला हो म्हणा, आणि पोरीला पहिल्या पंगतीला बसवा.