आईच्या दुधाला नावं ठेवली तेव्हा

माझी थोरली मुलगी सव्वा महिन्याची असताना दूध पिईना. भुकेने रडायची, छातीशी धरलं की दोन घोट घ्यायची आणि चटका बसल्यासारखी मान फिरवून किंचाळायची. माझं माहेर पिंपळनेरचं. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, धुळ्याला देवपुरातच झालं. घरात आम्ही तिघंच होतो. हे शाळेत मास्तर, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीचे ते दिवस. भाद्रपद होता, धुतलेली दुपटी दोन-दोन दिवस वाळत नव्हती.

एकदा पोर रडताना आत्याबाईंनी तिचं तोंड उजेडाकडे केलं. जिभेवर, गालांच्या आतून, टाळूला पांढरे पांढरे थर होते.

"दूध फाटेल शे तोंडमा," त्या अहिराणीत म्हणाल्या आणि फाटलेलं दूध समजून बोटाला मऊ फडकं गुंडाळून पुसायला लागल्या. थर निघेना. जरा जोर लावला तर खालून लालभडक कातडी निघाली आणि फडक्याला रक्त लागलं. आत्याबाईंनी हात मागे घेतला. मुलगी श्वास कोंडेपर्यंत रडली.

शेजारच्या दोघी-तिघी येऊन बघून गेल्या. एकीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसरी, वयाने मोठी आणि बाळंतपणं करणारी, माझ्याकडे बघत आत्याबाईंना म्हणाली, "इनं दूधच खराब शे. बंद करी टाका. शेळीनं दूध द्या."

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला ते खरंच वाटलं. कारण एक गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. आठ दिवसांपासून माझी छाती जळत होती. वरून फारसं काही दिसत नव्हतं, नुसती लाली आणि बारीक चिरा. पण पोरीने तोंड लावलं की आत सुया टोचल्यासारखं व्हायचं, आणि ती सुटल्यावरही कितीतरी वेळ ठणका राहायचा. मी दात आवळून पाजायची. सांगणार कोणाला? यांना सांगायची लाज आणि आत्याबाईंना सांगायची भीती. आता सगळ्यांसमोर दूधच वाईट ठरलं, तेव्हा वाटलं, आपल्या अंगातच काहीतरी विषारी आहे आणि ते मी या पोरीला पाजत होते.

हे शाळेतून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेळीचं दूध द्यायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी दवाखान्यात दाखवून या. तिथे बायकांना तपासायला नर्सबाई असतात."

मला वाटलं, आत्याबाई नको म्हणतील. पण त्यांनी मुकाट्याने लुगडं बदललं, पोरीला कुशीत घेतलं आणि माझ्याही आधी पायरी उतरल्या. पांझरा नदीला पाणी होतं. पूल ओलांडून आम्ही पलीकडे दवाखान्यात पोहोचलो तोवर माझं सगळं अंग घामाने भिजलं होतं. मनात एकच, आता ती बाईसुद्धा हेच सांगणार.

नर्सबाई पन्नाशीच्या असतील. बोलणं कमी आणि हात मऊ. त्यांनी मुलीला खिडकीशी नेऊन तोंड नीट बघितलं. मग काही न विचारता पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, "पाजताना तुला जळजळ होते ना?"

मला रडूच फुटलं. आत्याबाई बघतच राहिल्या.

"रडू नकोस. दोघींना एकच दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "ही बुरशी आहे. अक्का, तुमच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर वर काय येतं?"

"पांढरी बुरशी," आत्याबाई म्हणाल्या.

"तसलीच ही. ओल आणि ऊब मिळाली की वाढते. बाळाच्या तोंडातून आईला लागते, आईकडून परत बाळाला. एकीलाच औषध दिलं तर दुसरीकडून पुन्हा येणार. दूध फाटलेलं असतं तर पुसल्यावर निघालं असतं. हे निघत नाही, म्हणून ओळखायचं. ओरबाडायचं मात्र नाही."

मी कसंबसं विचारलं, "मग माझं दूध?"

"दुधाला काय झालंय? चांगलं आहे. पाजत राहा."

त्यांनी कापसाच्या बोळ्याने पोरीच्या तोंडात गर्द जांभळं औषध फिरवलं आणि तिला थोडा वेळ पालथं धरलं, म्हणजे जास्तीचं औषध पोटात न जाता लाळेबरोबर बाहेर येतं. तेच मला लावायला दिलं. छातीवर ओलं कापड ठेवायचं नाही, पाजून झालं की कोरडं करायचं, कपडे उकळून उन्हात टाकायचे. "आणि थोडेच दिवस लावा. लवकर बरं व्हावं म्हणून जास्त लावाल तर तोंड सोलून निघेल." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाळाला चोखायला काही देता का?"

आत्याबाईंनी ओच्यातून साखरेची पुरचुंडी काढली. पोर रडली की त्या ती तिच्या तोंडात द्यायच्या. दिवसभर तीच, ओलीच्या ओली.

"ही बंद करा," नर्सबाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

त्या दिवशी काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीही पोर कुरकुरत होती. तिचे ओठ, हनुवटी, माझी चोळी, आत्याबाईंची बोटं, सगळं जांभळं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तोंड लावलं ते सोडलंच नाही. मी सुयांची वाट बघत अंग चोरून बसले होते. थोडं चुरचुरलं, बाकी काही नाही. तिच्या घोटांचा आवाज येत होता, गुट गुट. पिता पिता ती झोपली. माझे खांदे आपोआप सैल पडले. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसायला लागले.

आत्याबाई शेजारी निवडायला डाळ घेऊन बसल्या होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "मंग मना दूधमा बी काही खोट नव्हती का?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. हे तान्हे असताना त्यांचीही छाती अशीच जळत होती, यांचंही तोंड असंच पांढरं झालं होतं. घरच्यांनी दूध वाईट ठरवलं आणि पोर जावेच्या ओटीत घातलं. जावेने वाढवलं. आत्याबाई कोपऱ्यात बसून, दूध पिळून मातीत टाकत राहिल्या.

"कोनले सांगतू?" त्या म्हणाल्या. "माले वाटे, मीच वाईट."

"तुमच्या दुधात काही खोट नव्हती, आत्याबाई," मी म्हटलं. "नर्सबाईंनी सांगितलं ना."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नातीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा त्यांना समोर बसवून आत्याबाईंनी हे सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. यांनी आईच्या हातावर हात ठेवला. मग आत्याबाई उठल्या आणि, पोर माझ्याकडे देऊन, सगळ्यांसाठी शेवया करायला चुलीशी गेल्या.