चौथ्या वर्षाची सदलग्यातली बैठक

मे महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारची वेळ. स्थळ: सदलग्यातल्या एका घराचा सोपा, म्हणजे ओसरी. हजर: मुलगी, तिचे वडील, तिची आई, निपाणीहून आलेले तिचे होणारे सासरे, त्यांची कॉलेजात जाणारी लेक, आमच्या कॉलेजचे रसायनशास्त्राचे सर आणि मी. गैरहजर: नवरा मुलगा. कारण: दुकानात गर्दी.

विषय एकच होता. डिग्री किती वर्षांची असते?

एवढं सांगायला विभागप्रमुखाला बेळगावाहून सदलग्याला जावं लागतं, यावरून आमच्या उच्च शिक्षणाची तब्येत ओळखावी. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. नोकरीला लागले तेव्हा परीक्षा वर्षातून एकदा व्हायची. मग सत्रं आली, मग क्रेडिटं आली, मग थेट चार वर्षांची पदवी आली. तिच्यासोबत 'खुले विषय' आले. म्हणजे विज्ञानाच्या मुलांनी जाहिरातशास्त्र शिकायचं आणि कॉमर्सच्या मुलांनी आमच्याकडे येऊन परसबाग. त्यांनी कुंड्यांत पेरलेली मेथी उगवली नाही, पण मुलं सगळी पहिल्या वर्गात पास झाली. एवढं होतंय तोवर कर्नाटक सरकारने चार वर्षं रद्द करून पुन्हा तीन केली, आणि आधी आत आलेल्यांना हवं तर चौथं वर्ष करायची मुभा ठेवली. दर बदलाला मी नवी फाईल केली. कपाट तेच राहिलं, सूक्ष्मदर्शक तेच राहिले, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला कांद्याची सालही तीच.

ही मुलगी चार वर्षांवाल्यांच्या शेवटच्या तुकडीतली. आली तेव्हा तिचे दोन मुख्य विषय होते, रसायन आणि वनस्पती. तिसऱ्या वर्षी एक धरायचा होता. तिने आमचा धरला. रसायनच्या सरांनी ते अजून मला माफ केलेलं नाही. चौथ्या वर्षी तिला वर्षभराचा प्रकल्प करायचा आहे: साठवलेली रताळी का कुजतात. बेळगावच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, त्यामुळे विषय चांगला आहे. अडचण एवढीच की घर जैन, उंबऱ्याच्या आत आजवर एक कंद आलेला नाही. वडिलांनी विषय ऐकून एकच अट घातली होती, "काय कुजवायचं ते बेळगावात कुजव. घरात आणू नको." चौथं वर्ष झालं की एम.एस्सी. एका वर्षात होते. तिचा जीव त्यात अडकलेला.

निपाणीकरांना शब्द दिला होता तो ती पहिल्या वर्षाला असताना. डिग्री झाली की लग्न. तेव्हा कॉलेजच्या माहितीपत्रकात चार वर्षं छापलेली होती, त्यामुळे दोन्ही घरांनी चार मोजली. मग निपाणीकरांनी पेपरात वाचलं की आता डिग्री तीन वर्षांची. त्यांनी लगेच फोन लावला, "म्हंजे पोरीची झालीच की यंदा! मुहूर्त काढूया."

मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही फक्त येऊन चार वर्षं म्हणून सांगा."

"तीन वर्षांतही डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. विचारलं तर तेही सांगणार मी."

"त्ये कशाला विचारतील?"

सरांनी स्वतःहून गाडी काढली. तुम्हाला एकटीला कुठं पाठवायचं, म्हणाले. त्यांना सदलग्याचं जेवण माहीत आहे.

मी बोलायचे मुद्दे क्रमाने लिहून नेले होते. पाणी पिऊन होतंय तोवर निपाणीकर म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. तीन वर्षांत डिग्री मिळत्या का न्हाय?"

"मिळते," मी म्हणाले.

झालं. मुद्दे पर्समध्येच राहिले. मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला नापास केलंय.

"पण चौथ्या वर्षाची वेगळी, वरची डिग्री आहे," मी म्हणाले. "ऑनर्स. पुढचं एक वर्ष वाचतं."

"वरची काय करायची? आमच्या घरात त्येवढी उंची न्हाय," निपाणीकर हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तंबाखूचा व्यापार करणारा, हिशेबी, प्रत्येक वाक्याला हसणारा. "आणि सरकारनंच एक वर्ष कापलंय. सरकारला बी कळलं, उगंच लांबवण्यात अर्थ न्हाय."

मुलीचे वडील खिडकीतून उन्हाकडे बघत होते. या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे कुठल्याही चर्चेचा अध्यक्ष सूर्यच. त्यांनी आत वळून बायकोला कन्नडात ऊटाचं विचारलं. सरांना कन्नड फारसं येत नाही, पण ऊट म्हणजे जेवण हे कळतं. ते सावरून बसले.

"सर, तुमी बी सांगा की," निपाणीकर म्हणाले.

"चौथं वर्ष महत्त्वाचं आहे," सर म्हणाले. "विशेषतः रसायनशास्त्रात."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात निपाणीकरांची लेक मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाली, "पप्पा, माझी तर चार वर्षांची हाय."

"तुझं येगळं गं. तू कोल्हापूरला. तिकडं महाराष्ट्र."

"मग काय झालं? तिकडं आत्ता कुठं चार सुरू झाल्यात."

हे खरं होतं. आमच्याकडे चार वर्षं आली आणि गेली, आणि निपाणीहून अर्ध्या तासाच्या आत हद्द ओलांडली की पलीकडे महाराष्ट्रात ती नुकतीच येऊन बसली होती. बापाने लेकीला स्वतः कोल्हापूरला सोडलेलं, फी भरलेली. मी इतकी वर्षं सीमाभागात राहून हा मुद्दा लिहिला नव्हता.

"तुला शिकायचं तेवढं शीक की. तुला कोण अडवतंय?" निपाणीकर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

आतून मुलीची आई बाहेर आली. हाताला पीठ.

"अण्णा, तुमची लेक चार वर्षं शिकणार आन् आमची तीन? ह्यो कुठला हिशेब?"

मुलीचे वडील म्हणाले, "आधी जेवून घ्या. दिवस चालला."

ज्वारीच्या भाकरी, दोडका, मुगाची आमटी, शेंगाचटणी, दही, शेवयांची खीर. निपाणीकर मान खाली घालून जेवले. खीर दुसऱ्यांदा घेताना ते मला म्हणाले, "बरं. चौथं वर्ष तुमच्याच कॉलेजात हाय न्हवं? ह्या वर्षापायी पोरगी धारवाड-बंगळूरला धाडायची, त्ये मला चालायचं न्हाय."

यावेळी मला सावध राहता आलं असतं. पण विचारलं तर सांगणार, हे मीच म्हणाले होते. "दहा मुलं झाली तर आहे. प्राचार्यांचा तसा नियम आहे. आमच्या विषयाला अजून तेवढी नाहीत."

"मग करा की दहा!" निपाणीकरांना पुन्हा हसू फुटलं. "झाली तर चार वर्षं, माझा शब्द. न्हाय झाली तर दिवाळीनंतर मुहूर्त. मॅडम, आता सगळं तुमच्यावर."

मुलीने माझ्या पानात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

परतताना चिकोडी मागे पडेपर्यंत सर खिरीचंच बोलत होते. मग म्हणाले, "तुमची किती झाली?"

"नऊ."

"माझीपण नऊ." गिअर बदलत: "तो मच्छेचा पोरगा आहे ना, दोन्ही विषयांत चांगला. त्याला मी घेणार आहे."

"त्याचे जास्त गुण आमच्यात आहेत."

"त्याचं मन आमच्यात आहे."

त्या पोराने दोघांनाही काही कळवलेलं नव्हतं. परीक्षा संपल्याबरोबर तो बेळगावला लागून असलेल्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला होता, आणि फोन केला की मशिनचा आवाज यायचा आणि कट व्हायचा. उरलेल्या सगळ्यांकडे आमच्या दोघांचेही फोन जाऊन आले होते. कोणी बी.एड.ला गेलं, कोणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. दहावं नाव मिळायचं तर ते मच्छेलाच.

सोमवारी प्राचार्यांना भेटले. नऊवर वर्ग द्या म्हटलं, तर ते म्हणाले, "मॅडम, आज नऊवर दिला तर उद्या रसायनवाले आठवर मागतील." मुलगी रोज सकाळी विचारते, "मॅडम, झाले दहा?" तिने रताळ्यांचा पहिला ढीग आणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवलाय. वर्ग नाही, प्रकल्पाला मान्यता नाही, आणि रताळी मात्र वेळापत्रकाप्रमाणे कुजायला लागलीत. शिपाई रोज नाक धरून माझ्याकडे तक्रार करतो.

चौथ्या वर्षाचे प्रवेश शनिवारी बंद होतात. आज गुरुवार. आजच्या कामांपैकी प्राचार्यांचं पत्र झालं, उन्हाळी परीक्षेचे पेपर झाले, रताळ्यांवर झाकण टाकून झालं. सकाळी हजेरीपटावर बघितलं, तर रसायनच्या सरांची अर्ध्या दिवसाची रजा. कारण: घरगुती.

मी स्कूटरची किल्ली टेबलावर काढून ठेवली आहे. दुपारचं प्रात्यक्षिक संपलं की निघायचं. मच्छे अजून व्हायचंय.