मासीनं उच्चारलेली खोट

गुजरातेत लिंबायतला राहायचो तेव्हा माझी मोठी बहीण घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायची. लहानपणी गावाकडे ताप आला आणि त्यात तिचा डावा पाय अधू झाला. चालताना लंगडायची, पण हात भराभर चालायचा.

तिला बघायला आमच्या धुळ्याकडची माणसं यायची. पोहे खायची, तिला चालून दाखवायला सांगायची आणि निघताना दारात वडिलांना म्हणायची, "मुलगी गुणाची आहे हो, पण खोट आहे." वडील कापडाच्या मागावर, लूमवर, कामाला होते; त्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं. हा शब्द मात्र त्यांना नीट ऐकू यायचा. बहीण आत कपबशा विसळत असायची.

पंच्याण्णव साल असावं. तिला कावीळ झाली. आधी साधा ताप समजून दुखणं अंगावर काढलं, मग सरकारी दवाखान्यात नेलं. तिथेच ती गेली.

मी रडले नाही. बायका येत होत्या, मी चपला ओळीनं लावत होते. माय भिंतीला टेकून बसली होती. शेजारची गुजराती मासी आली, मायचा हात हातात घेऊन म्हणाली, "बेन, तमारे घेर बहु मोटी खोट पडी."

मायनं सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. शांतपणे म्हणाली, "मनी पोरमा खोट नव्हती, बेन. पाय तापमा गया. जलमनी खोट नव्हती."

ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज होता. मासी गोंधळून माझ्याकडे बघू लागली.

मी मायजवळ बसले. शाळेतल्या मैत्रिणींमुळे मला गुजराती येत होतं. म्हटलं, "माय, मासी ताईला नावं नाही ठेवत. त्यांच्यात माणूस गेलं की मागच्यांना जे कमी पडतं, त्याला खोट म्हणतात."

"म्हंजे कोनमा खोट?"

"आपल्यात."

मायनं मासीचा हात घट्ट धरला. मग मासीला म्हणाली, "हा, बेन. पडी."

वडील दाराशी बसले होते. त्यांना हे ऐकू गेलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी मासीनं खिचडी-कढी आणली. माय दोन घास जेवली. मीही जेवले. चव काही लागत नव्हती, तरी पुन्हा वाढून घेतली.