हसाजी गोलंदाजांचा पहिला शब्द

प्रस्तुत लेखकाची व हसाजी गोलंदाजांची ओळख एकाच धूळपाटीवर झाली. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत कोचीहून आलेल्या एका यहुदी पंतोजींनी कसबा पेठेत प्रौढांचा वर्ग उघडला, तेव्हा पाट्या कमी आणि पांढऱ्या दाढ्या जास्त होत्या. म्हणून दोघांत एक पाटी मिळाली. वर्ग हसाजींच्याच तेलघाण्याच्या अंगणात भरे. आधी बाळबोध अक्षरे, मग इब्री म्हणजे हिब्रू शब्दांचे अर्थ, असा क्रम होता.

हसाजींनी वीस वर्षे पेशव्यांच्या तोफखान्यात काढली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्यांच्या बेने इस्राएल समाजाजवळ पूर्वजांच्या इब्री भाषेतील एकच प्रार्थना उरली होती, ती म्हणजे 'शेमा'. तिचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, तरी सुंतेपासून मयतापर्यंत तीच म्हटली जाई, आणि म्हणण्याचा मान हसाजींच्या भरदार आवाजाला होता. मात्र तोफांनी त्यांचे दोन्ही कान केव्हाच नेले होते. हे फक्त त्यांच्या पत्नीस, मैनाबाईंस, माहीत होते. समोरच्याच्या ओठांवरून हसाजी सारे निभावून नेत. बिंग फुटले तर मान जाईल, या धास्तीने ते वर्गात सर्वांच्या पुढे बसत.

पहिल्या दिवशी पंतोजी म्हणाले, "आपला शनिवारचा शब्बाथ म्हणजे थांबणे."

"मग हसाजीआबांचा घाण्याचा बैल आपल्याहून धार्मिक," शेजारचे बनाजी म्हणाले. "तो बुधवारीसुद्धा थांबतो."

हसाजींनी त्यांचे ओठ अचूक टिपले. "तुमच्या जिभेला मात्र शनिवारीही सुट्टी नाही."

पुढे शेमाची पाळी आली. पंतोजींनी कोळशाने भिंतीवर अक्षरे काढली आणि अर्थही भिंतीलाच सांगून टाकला. मग वळून विचारले, "हसाजी, शेमा म्हणजे काय?"

हसाजींना पाठीशिवाय काही दिसले नव्हते. चाळीस वर्षे शेमा म्हणता म्हणता बांधलेला अंदाज त्यांनी ठोकून दिला. "गर्जना कर!"

सारे अंगण हसून लोळले. तेव्हा प्रस्तुत लेखकाने हळूच पाटीवर दोन अक्षरे काढली. हसाजींनी ती बोटाने एकेक लावली. ऐ. क.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे चाळीस वर्षे मी सगळ्यांना 'ऐक' म्हणतोय, आणि ऐकू येत नाही ते मलाच. बनाजी, परवा तुमच्या नातीच्या लग्नात शेमा तुम्हीच म्हणा."

"मी? नवरदेव मांडवातून पळेल, आबा! आणि तुम्हाला ऐकू येत नाही ते बरंच आहे. आमचं 'आमेन' किती बेसूर असतं ते तुम्हाला कळत नाही, म्हणून तर तुम्ही टिकलात."

पंतोजींनी गंभीरपणे खुलासा केला, "इब्रीत ऐकणे म्हणजे सांगितलेले मानणेही."

"मानणं?" घाण्याजवळून मैनाबाई म्हणाल्या. "अहो, मग कान धड होते तेव्हाही यांना तो शब्द लागू नव्हता!"

सर्वांत मोठ्याने हसाजीच हसले. दोन दिवसांनी लग्नात शेमा त्यांनीच म्हटला. पण त्या दिवशी वर्ग उठण्यापूर्वी ते हात जोडून म्हणाले, "पंतोजी, उद्यापासून आपण भिंतीकडे तोंड करून शिकवू नका."